अर्धवट ओळखीचे इंग्रजी शब्द आपले कसे करायचे

माझ्या संध्याकाळच्या बॅचला हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी येते. चार वर्षांचा अनुभव, कामात हुशार. तिनं परदेशातल्या क्लायंटला लिहिलं, 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन.' तिला एवढंच म्हणायचं होतं की एक शंका आहे, विचारू का? समोरच्यानं वाचलं ते असं, की हिचा आपल्या डिझाइनवर भरवसा नाही. पुढचे तीन दिवस दोन्हीकडून लांबलचक खुलासे चालले. आपल्याकडे शाळेपासून 'डाउट विचारा', 'डाउट क्लिअर करा' हेच कानावर पडतं, त्यामुळे तिला त्यात काही खटकलंच नाही. तिथे 'क्वेश्चन' हा पाचवीतला शब्द पुरला असता.

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हणून येणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी अवघड शब्दांची यादी मागतात. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून अशा याद्यांच्या झेरॉक्स हातोहात फिरत असतात. मुलं त्या रात्र रात्र जागून पाठ करतात आणि पंधरा दिवसांत विसरतात. मी यादी देत नाही. पदवीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात वाचताना ओळखीचे वाटणारे, पण तोंडातून किंवा हातून कधी न उतरलेले शेकडो इंग्रजी शब्द पडून असतात. ते वापरात आले की माणसाचं इंग्रजी कुठल्या कुठे जातं. अठरा वर्षं शिकवताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, म्हणून हा सगळा लेख त्याच शब्दांबद्दल आहे.

आधी मोजून घ्या

इंग्रजी वर्तमानपत्रातला एखादा अग्रलेख घ्या आणि त्यातले पहिले ३०० शब्द मोजून खाली रेघ मारा. आता पेन्सिल घेऊन सावकाश वाचा. जो शब्द तुम्ही स्वतः बोलता-लिहिता तो तसाच सोडा. अर्थ कळतो, पण आपण कधी वापरलेला नाही, अशा शब्दाखाली रेघ ओढा. अजिबात माहीत नसलेल्याभोवती गोल करा.

गोल सहापेक्षा जास्त आले, तर तो मजकूर सध्या तुमच्यासाठी जड आहे. हा सहाचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता: कोणाची मदत न घेता वाचायचं तर १०० पैकी ९८ शब्द माहीत हवेत, आणि कादंबऱ्या, वर्तमानपत्रं त्या सहजतेनं वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, अनडिसायडेड असं सगळं मिळून एक. आकडा ऐकून छातीत धस्स होतं खरं, पण त्यातली बरीच मोठी संख्या तुमच्याकडे आधीच आहे.

रेघा मारलेले शब्द वहीत उतरवा. ही तुमची यादी. ती झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही, कारण ती प्रत्येकाची वेगळी असते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी, ऑफिसात रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी जोडीला आणखी एक यादी घ्यावी. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासविषयक लेखनातल्या ५७० शब्दकुटुंबांची निवड प्रसिद्ध केली. अस्यूम, डिराइव्ह, इम्प्लाय, इंटरप्रिट, कॉन्स्टिट्यूट असे शब्द तिच्यात आहेत. अशा लेखनातला साधारण दहावा हिस्सा या ५७० कुटुंबांनी व्यापलेला असतो. इंटरनेटवर ती फुकट मिळते. पाठ करू नका. वाचत जा आणि 'हा मी कधी वापरला?' असं स्वतःला विचारत जा.

मराठीत येऊन बदललेले शब्द

नवे शब्द आणण्याआधी घरातले तपासावे लागतात. इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांनी इथे राहून आपापला नवा अर्थ घेतला आहे. मराठी बोलताना त्यात काही चूक नाही. पण तोच शब्द परत इंग्रजी वाक्यात टाकला की घोटाळा होतो. 'पेशंट सिरियस आहे' हे आपण म्हणतो. 'ही इज सिरियस' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, माणूस गंभीरपणे बोलतोय, थट्टा करत नाहीये. तिथे 'क्रिटिकल' किंवा 'सिरियसली इल' हवं. 'पासआउट' म्हणजे आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडलेला; बाहेरच्या माणसाला ऐकू येतं, 'चक्कर येऊन पडला.' 'रिव्हर्ट' म्हणजे मूळ स्थितीला परत जाणं, उत्तर पाठवण्यासाठी साधा 'रिप्लाय' पुरतो. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही.

'टेन्शन'वर मात्र थोडं थांबू. मराठीत हा एक शब्द धाकधूक, काळजी, ताण, दडपण सगळ्याचं काम करतो. इंग्रजीत 'टेन्शन' दोरीत असतं, स्नायूत असतं, दोन देशांमध्ये असतं, घरातल्या वातावरणात असतं. पण 'आय हॅव टेन्शन' असं कोणी म्हणत नाही. म्हणून मी वर्गात विचारते, तुझं टेन्शन मराठीत नक्की कुठलं? निकालाआधीची धाकधूक असेल तर 'नर्व्हस' किंवा 'ऑन एज'. आईच्या तब्येतीची काळजी असेल तर 'वरीड'. साहेबांनी तारीख दिली असेल तर 'अंडर प्रेशर'. आधी मराठीत नेमकं बोललं की इंग्रजी शब्द आपोआप वेगळे होतात. ज्याचं मराठी पातळ झालं आहे त्याला इंग्रजीचे बारकावे शिकवणं फार जड जातं, हा माझा अनुभव आहे.

एका शब्दाला एक पान

वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, ही सवय मोडा. दोनशे पानी वही घ्या आणि एका शब्दाला अख्खं पान द्या. 'रिलक्टंट'चं पान आम्ही वर्गात कसं भरलं ते सांगते.

कोशात अर्थ होता 'नाखूश'. एका मुलानं लगेच वाक्य केलं, 'आय अ‍ॅम रिलक्टंट विथ माय सॅलरी.' पगारावर नाखूश. कोशातल्या एका शब्दावर विसंबलं की हे असं होतं. मग आम्ही इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश उघडला. उदाहरणं वाचून लक्षात आलं की या शब्दापुढे बहुतेक 'टू' आणि क्रियापद येतं: रिलक्टंट टू स्पीक, रिलक्टंट टू साइन. म्हणजे हा शब्द एखादी कृती करण्याबद्दलचा आहे. मग मराठीत शोधाशोध सुरू झाली. कोणी म्हणालं, का-कू करणे. कोणी म्हणालं, आढेवेढे घेणे. साताऱ्याकडचा एक जण म्हणाला, 'बाई, मन घेत नाही म्हणतात ना, ते.' अगदी बरोबर! 'मन घेत नाही' हे पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

मग शेजारी शोधले. 'हेझिटंट' म्हणजे अजून ठरत नाही, पाऊल अडखळतंय. 'अनविलिंग' म्हणजे तयारीच नाही. 'रिलक्टंट' माणूस बरेचदा शेवटी ते काम करतो, पण मनाविरुद्ध. म्हणूनच 'रिलक्टंटली अ‍ॅग्रीड' ही जोडी इतकी दिसते. नाइलाजानं हो म्हणाला. मूळ पाहिलं, तर लॅटिनमध्ये विरुद्ध झगडण्याचा भाव निघाला. पानाच्या तळाशी प्रत्येकानं आपल्या आयुष्यातलं एक खरं वाक्य लिहिलं. एकानं लिहिलं, 'माझे आजोबा वाडा बिल्डरला द्यायला रिलक्टंट होते.' ते वाक्य तो मुलगा जन्मात विसरणार नाही.

तर पानावर एवढं हवं: शब्द कोणाबरोबर येतो, पुढे काय लागतं, त्याच्या शेजाऱ्यांपेक्षा तो कुठे वेगळा आहे, मराठीत त्या जागी आपण काय म्हणतो, आणि एक स्वतःचं वाक्य. पंधरा मिनिटं लागतात. दिवसाला तीन पानं झाली तरी भरपूर. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाला साडेसातशेच्या आसपास शब्द होतात, आणि ते कामाचे असतात.

कोश कुठला? ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांचेही शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात. साध्या कोशापेक्षा हे वेगळे असतात. लाँगमननं १९७८ मध्ये सगळे अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहायचं बंधन स्वतःवर घालून घेतलं, त्यामुळे एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दात सापडण्याचा ताप वाचला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये बऱ्याच शब्दांपुढे बी-२, सी-१ अशा पातळ्याही दिलेल्या असतात (ए-१ सर्वांत सोपी, सी-२ सर्वांत अवघड). प्रगत म्हणून शिकायचे शब्द साधारण तिथेच भेटतात. छापील प्रत हवी असेल तर अप्पा बळवंत चौकात चक्कर मारा, जुनी आवृत्तीही चालेल.

मराठीकडून इंग्रजीकडे जायचं असेल, तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर आहे. मराठी वाक्प्रचारांच्या छटा इंग्रजीत इतक्या मनापासून उलगडलेल्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. तिथलं इंग्रजी जुनं आहे, ते जसंच्या तसं उचलू नका. छटा समजून घ्यायला मात्र तो कोश फार उपयोगी आहे.

भिडे पूल पाण्याखाली गेला की

वाचन करा, असं सगळेच सांगतात. काय आणि कसं वाचायचं ते कोणी सांगत नाही. माझी पद्धत अशी: एकच बातमी सकाळी मराठीत वाचायची, मग इंग्रजीत. विषय आधीच कळलेला असतो, त्यामुळे सगळं लक्ष शब्दांकडे राहतं.

पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडतात, भिडे पूल बुडतो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो. ही बातमी आपल्याला तोंडपाठ असते. तीच इंग्रजीत उघडा. 'विसर्ग वाढवला' तिथे 'द डिस्चार्ज वॉज स्टेप्ड अप' होतं. पाणलोट क्षेत्र म्हणजे 'कॅचमेंट'. क्युसेक दोन्हीकडे तोच: सेकंदाला एक घनफूट. पूल 'सबमर्ज्ड' होतो, पण सखल भाग 'इनंडेटेड' होतो. वस्तू पाण्याखाली गेली की पहिला शब्द, जागेवर पाणी पसरलं की दुसरा. तक्रारींचा पाऊस पडला तरी 'इनंडेटेड' चालतो, तिथे 'सबमर्ज्ड' चालत नाही. संततधार म्हणजे 'इन्सेसंट रेन', मुसळधार म्हणजे 'टॉरेन्शल'. जोराच्या पावसाला रोजच्या बोलण्यात 'हेवी' म्हणतात, 'बिग' कधीच म्हणत नाहीत. आपण चहा कडक म्हणतो आणि थंडी कडाक्याची, तसाच हा प्रकार आहे.

दुसऱ्या दिवशी पूर ओसरतो. हे 'ओसरणं' घेऊन आम्ही एकदा पूर्ण तास काढला होता. मराठीत पूर ओसरतो, ताप ओसरतो, राग ओसरतो, गर्दी ओसरते, उत्साहही ओसरतो. इंग्रजीत पुराचं पाणी 'रिसीड' होतं, कारण ते मागे हटतं. ताप आणि राग 'सबसाइड' होतात, खाली बसतात. गर्दी 'थिन आउट' होते, विरळ होत जाते. उत्साह 'वेन' होतो, कृष्णपक्षातल्या चंद्रासारखा. चंद्राच्या कलांसाठीही हाच शब्द आहे. एका मराठी क्रियापदानं चार इंग्रजी शब्द पदरात पडले, आणि चौघांतला फरक पाठ करावा लागला नाही. अशी भरलेली मराठी क्रियापदं शोधत जा. फुटणे, लागणे, उतरणे, सुटणे. एकेका रविवारी एकेक घेतलं तरी पुष्कळ.

वाचनासाठी पुस्तक निवडताना वरची सहा गोलांची कसोटी लावा. ग्रंथालयात उभ्या उभ्या एक पान वाचून पाहता येतं; पुण्यात १८४८ पासून चालत आलेलं नगर वाचन मंदिर आहे, पेठांमध्ये आणखीही वाचनालयं आहेत. एका पानावर तीनापेक्षा जास्त वेळा कोश उघडू नका. गोष्टीची लय तुटली की पुस्तक बाजूला पडतं.

धातू आणि उपसर्ग

इथे मराठी माणसाला घरचा फायदा आहे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे एकाच 'हृ' धातूचे, उपसर्गानुसार अर्थ बदललेले शब्द, हे संस्कृत घेतलेल्या मुलांना शाळेतच कळतं. लॅटिनमधल्या 'पाहणे' या अर्थाच्या धातूवरून इंग्रजीत तसंच झालं आहे. 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत डोकावून पाहणं, 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे पुढे पाहणं, 'रेट्रोस्पेक्ट' म्हणजे मागे वळून पाहणं, 'सर्कमस्पेक्ट' म्हणजे चहूकडे पाहून सावधपणे पाऊल टाकणारा. शेवटचा शब्द परीक्षेच्या यादीत भीतीदायक दिसतो, या रांगेत उभा केला की निरुपद्रवी होतो.

शिवाय संस्कृत आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यातल्या व्याख्यानात हे नातं ठामपणे मांडलं होतं. म्हणून दान आणि 'डोनेट', अग्नी आणि 'इग्नाइट', मृत्यू आणि 'मॉर्टल', दंत आणि 'डेंटल', सर्प आणि 'सर्पंट' हे खरे नातेवाईक आहेत. 'नव'चा भाऊबंद 'इनोव्हेट'मध्ये बसला आहे. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, आणि तो शब्द त्यांच्याकडे कायमचा राहतो.

सावध मात्र राहायला हवं. 'पेडेस्ट्रियन'मधला 'पेड' पायाचा, 'पेडियाट्रिशियन'मधला ग्रीक भाषेतला, मुलाचा. आणि 'इन' लागला म्हणजे नकार, असंही नाही. द्रुतगती मार्गावर टँकरच्या मागे 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पटकन पेट घेणारा! मूळ ओळखून अर्थाचा अंदाज बांधा, पण कोशात पाहिल्याशिवाय वापरू नका.

विसरण्याची तजवीज

जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पहिल्या काही तासांत माणूस सर्वांत वेगानं विसरतो, नंतर वेग मंदावतो. म्हणजे उजळणी लवकर सुरू करायची आणि मग अंतर वाढवत न्यायचं. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी त्यासाठी कप्प्यांच्या डब्याची साधी युक्ती मांडली, ती मी अजूनही वापरते.

बुटांचं रिकामं खोकं घ्या, पुठ्ठा लावून पाच कप्पे करा. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापल्या की कोऱ्या पाठीची उत्तम कार्डं होतात. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. मोबाइलवर हेच काम 'अँकी' करतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं.

कार्डावर काय लिहायचं, यावर सगळं अवलंबून आहे. पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द लिहिलात तर फक्त ओळख पक्की होईल, आणि ओळख तर आधीपासून होतीच. पुढे मराठीत प्रसंग लिहा: 'सही करायला त्याचं मन घेत नव्हतं, शेवटी केली.' मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. वाचलं की तोंडानं मोठ्यानं बोला, मगच कार्ड उलटा. मनातल्या मनात 'हं, येतंय' म्हणून पुढे जायचं नाही.

बोलताना

उच्चार शब्दाबरोबरच शिका. वाचून शिकणारे 'एपिटोम', 'हायपरबोल' म्हणतात. उच्चार 'एपिटमी' आणि 'हायपर्बली' असा आहे. कोशातलं कर्ण्याचं चिन्ह दाबून तीनदा ऐका. जोर कुठल्या अक्षरावर आहे तेही पानावर नोंदवा, कारण मराठीत जोर बदलून अर्थ बदलत नाही आणि आपला कान त्याकडे जात नाही. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

शब्दाचं वजनही पाहा. आपण गेले, वारले, निधन झालं यांतलं काय कुठे म्हणायचं ते बरोबर जाणतो. शेजारच्या काकांबद्दल 'निवर्तले' म्हटलं तर कानाला लागतं. इंग्रजीतही 'डाइड' सरळ आहे, 'पास्ड अवे' हळुवार आहे. आजच्या बोलण्यात 'एक्सपायर' औषध होतं, लायसन्स होतं. माणसाबद्दल तो शब्द टाळा. 'परचेस' आणि 'बाय', 'कमेन्स' आणि 'स्टार्ट' यांत तोच फरक आहे. अमृततुल्यमध्ये उभं राहून कोणी 'चहा प्राशन करायचा आहे' म्हणत नाही. जड शब्द आल्याचा आनंद असतो, तो मी समजू शकते, पण मित्राला पाठवायच्या मेसेजमध्ये तो कामाचा नाही.

रोज रात्री सहा ओळी लिहा, आज काय घडलं त्याच्या. त्यात डब्यातले दोन शब्द बसतील असंच काहीतरी आठवा. जुलमानं कोंबू नका. आठवड्यातून एकदा कोणाला तरी वाचायला द्या. ज्याला इंग्रजी तुमच्यापेक्षा थोडंच जास्त येतं असा मित्र पुरतो. 'इथे जरा विचित्र वाटतंय' एवढं तो सांगू शकला तरी पुष्कळ.

गणपतीत, घरच्या लग्नात, प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात खंड पडेल. पडला तर साचलेली सगळी कार्डं एका दिवशी संपवायला बसू नका. नवे शब्द पूर्ण थांबवा, रोज फक्त वीस जुनी कार्डं पहिल्या कप्प्यापासून काढा, आणि थकबाकी संपली की मगच वहीचं पुढचं पान उघडा.